मुलांचे दात आणि मधल्या वेळचा खाऊ : सोयगावच्या घरांसाठी उपयोगी माहिती

"दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत. त्यांची काय एवढी काळजी करायची?" हे वाक्य आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी ऐकू येतं. दादी म्हणते, खाला म्हणते, शेजारच्या आपाही म्हणतात. मुलाची दाढ काळी पडलेली दिसते, तो एकाच बाजूने चावतो, थंड पाणी नको म्हणतो, तरी घरचे थांबतात. मग एखाद्या रात्री गाल सुजतो, ताप चढतो आणि सकाळी अब्बूंना मजुरी बुडवून गाडी शोधावी लागते.

सोयगाव तालुक्यात ही धावपळ जास्त महाग पडते. आपला तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. जिल्ह्याचं शहर घाट चढून शंभर किलोमीटरहून लांब. जळगाव त्यामानाने जवळ, पण तिथे जायचं तरी दिवस मोडतोच. फर्दापूर, बनोटी, सावळदबारा, जरंडी या बाजूच्या गावांतून निघायचं तर आधी एसटीची वेळ बघावी लागते. लहान मुलांच्या दातांचे खास डॉक्टर मोठ्या शहरातच भेटतात. म्हणजे इलाज लांब आणि दात किडवणाऱ्या वस्तू मात्र गल्लीच्या टोकाला, दुकानाच्या दारात माळा करून टांगलेल्या.

म्हणून या विषयात सगळ्यात स्वस्त आणि हाताशी असलेला उपाय घरातच करावा लागतो. तो फार कठीण नाही. मुलाने गोड किती खाल्लं हे महत्त्वाचं आहेच, पण दिवसातून किती वेळा खाल्लं, हे दातांसाठी त्याहून महत्त्वाचं आहे. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचं बरंचसं सोपं होतं.

दात किडतो म्हणजे नेमकं काय होतं?

आपण मराठीत "दाताला कीड लागली" म्हणतो, म्हणून पुष्कळांना वाटतं की दातात खरंच किडा असतो. आठवडी बाजारात, जत्रेत "दातातली कीड काढून देतो" म्हणणारे लोक याच समजुतीवर पोट भरतात. ते जी बारीक पांढरी अळी दाखवतात ती त्यांनीच आणलेली असते. दातात किडा नसतो.

तोंडात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. दातांवर जो चिकट, पिवळसर थर साचतो त्यात ते राहतात. मुलाने साखर किंवा मैद्याचं काही खाल्लं की तेच जिवाणूंचंही खाणं होतं. ते त्यापासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण थरातलं, म्हणजे एनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळवतं. मग लाळ आपलं काम करते. ती आम्ल सौम्य करते आणि निघून गेलेली खनिजं थोडीथोडी परत भरते.

अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरच्या थरातलं आम्ल मोजून दाखवलं. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच आम्ल वाढतं आणि ते पूर्वीच्या पातळीवर यायला अर्धा तास ते एक तास लागतो. दात किडणं म्हणजे झीज आणि भरपाई यांच्यातली ओढाताण. लाळेला वेळ मिळाला तर दात सावरतो. एक खाऊ संपून अर्ध्या तासात दुसरा खाऊ तोंडात गेला, तर लाळेला वेळच मिळत नाही.

स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतर काही वर्षं एक मोठा प्रयोग झाला. काही रुग्णांना साखर जेवणाबरोबर दिली गेली, तर काहींना जेवणांच्या मधे चिकट टॉफी. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळी टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. हे रुग्ण बौद्धिकदृष्ट्या अपंग होते, त्यांची संमती घेतलेली नव्हती, म्हणून त्या प्रयोगावर पुढे कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. पण त्यातून निघालेला निष्कर्ष नंतरच्या अभ्यासांतही टिकला : चिकट गोड आणि तेही वारंवार, हे दातांसाठी सगळ्यात वाईट.

दुधाचे दात पडणारच, मग का जपायचे?

कारण ते लगेच पडत नाहीत. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पूर्ण होतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे मुलाने आणखी सहा-सात वर्षं त्याच दाढेने चावायचं.

दुधाच्या दाताचं एनॅमल पातळ असतं, त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते. दाढ दुखते म्हणून मूल भाकरी, भाजी, मांस चावायला नको म्हणतं आणि चहात बुडवलेलं बिस्कीट मागतं. म्हणजे ज्याने दात बिघडला तेच खाणं वाढतं आणि पोषण कमी होतं. रात्रीची झोप मोडते, शाळेत लक्ष लागत नाही. शिवाय दुधाची दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वाकडा येतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं ही पण दुधाचीच असेल. ती कायमची दाढ असते आणि आयुष्यभर चावायला तीच मुख्य. तिच्या वरच्या भागात खोल खाचा असतात, त्यांत खाणं अडकतं. मूल सहा वर्षांचं झालं की वर-खाली, दोन्ही बाजूंना सगळ्यात मागे बघा. ही दाढ गेली तर परत येणार नाही.

हा काही एखाद-दुसऱ्या घराचा प्रश्न नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे.

एका दिवसाचा हिशेब मांडून बघा

समजा, सात वर्षांच्या मुलाचा दिवस असा आहे. सकाळी चहा-बिस्कीट. मकतबमधून येताना एक टॉफी. शाळेच्या मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. दुपारी घरी आल्यावर क्रीमचं बिस्कीट. चार वाजता बर्फाची पेप्सी किंवा थंड पेय. संध्याकाळी पुन्हा चहा आणि टोस्ट. जेवणानंतर तासाभराने चॉकलेट. झोपताना साखर घातलेलं दूध.

यात काहीच फार वाटत नाही. प्रत्येक वस्तू छोटी, पैसेही थोडे. पण मोजलं तर आठ वेळा. प्रत्येक वेळी अर्धा ते एक तास आम्ल, म्हणजे दिवसातले चार ते आठ तास दात आम्लात. जेवणाचा वेळ यात धरलेलाच नाही.

आता हाच दिवस थोडा बदलू. सकाळी चहा-बिस्किटाऐवजी दूध आणि चपाती, किंवा रात्रीची भाकरी आणि अंडं. मकतबमध्ये मिळालेली टॉफी खिशात ठेवायची आणि दुपारच्या जेवणानंतर लगेच खायची. मधल्या सुट्टीत डब्यातले शेंगदाणे-फुटाणे. चारला केळं किंवा पेरू. संध्याकाळचा चहा लहान मुलाला नकोच, भूक असेल तर जेवण लवकर. झोपण्याआधी दूध बिनसाखरेचं, त्यानंतर ब्रश. मुलाने टॉफी खाल्लीच, उपाशी राहिलं नाही, पण साखरेची आठ वेळची ये-जा एक-दोन वेळांवर आली.

म्हणून पहिला नियम असा : तीन जेवणं आणि मधे दोन वेळा खाऊ. मधल्या वेळी फक्त पाणी. गोड द्यायचंच असेल तर ते जेवणाला जोडून द्या, कारण तेव्हा तोंडात लाळ भरपूर असते. "आज पाच टॉफ्या मिळाल्या, दिवसभर पुरवून खा" असं आपण प्रेमाने सांगतो. दातांच्या दृष्टीने हा उलटा सल्ला आहे.

प्रमाणाचाही अंदाज असू द्या. दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी असावा, ५ टक्क्यांच्या आत आला तर आणखी चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. मध आणि फळांच्या रसातली साखरही यात धरतात. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,३०० ते १,४०० किलोकॅलरी लागतात. त्या हिशेबाने १० टक्के म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम, सात छोटे चमचे. बहुतेक कोला पेयांच्या २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपल्यातच जमा.

कोणता खाऊ दातांना चालतो?

चांगला खाऊ महागच असतो असं नाही. आपल्या भागात पिकतं, मिळतं, त्यातूनच यादी होते.

शेंगदाणे आणि फुटाणे. चावावे लागतात म्हणून लाळ सुटते, प्रथिनं मिळतात, पोट भरतं. मात्र चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांना कूट करून द्या.

उकडलेलं अंडं, दही, ताक, बिनसाखरेचं दूध, पनीर. यांत कॅल्शियम असतं आणि आम्ल फारसं होत नाही.

मोसमी फळं. पेरू, बोरं, सीताफळ, जांभळं, केळी. केळं मऊ आणि गोड असतं, पण अख्खं फळ हे बिस्किटापेक्षा केव्हाही बरं. रस काढून देण्यापेक्षा फळ चावून खाऊ द्या.

भाजलेलं किंवा उकडलेलं मक्याचं कणीस, उकडलेले हरभरे, मोड आलेली मटकी, काकडी, गाजर.

घरची भाकरी किंवा चपाती. चटणी लावून गुंडाळी केली की मुलं आवडीने खातात. शिळ्या भाकरीचा कुस्करा, कांदा घातलेला चिवडा, कबाब घालून केलेली चपातीची गुंडाळी, हेही चालतं.

आणि पाणी. तहान लागली की पाणीच, सरबत नाही.

शेतावर जाणाऱ्या आयांची अडचण वेगळी असते, हे मान्य. कापूस वेचणीच्या दिवसांत अम्मी सकाळीच घर सोडते, डबा करायला वेळ नसतो आणि मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवून ती निघते. ते दहा रुपये थेट दुकानात जातात. यावर एक साधा मार्ग आहे. आठवड्याचे शेंगदाणे-फुटाणे एकदाच आणून डब्यात भरून ठेवायचे आणि रोज एक मूठ मुलाच्या खिशात घालायची. स्वयंपाक नाही, वेळ नाही, खर्चही पाकिटांपेक्षा जास्त नाही.

चांगल्या वाटणाऱ्या, पण दातांना अवघड वस्तू

गूळ आणि चिक्की. "साखर नाही, गूळ दिला" असं आपण समाधानाने सांगतो. जिवाणूंना दोन्ही सारखेच. चिक्की तर दाढेच्या खाचेत चिकटून बसते. द्यायचीच तर जेवणानंतर.

मध. चुसनीला मध लावून बाळाला शांत करण्याची सवय दातांना घातक आहे. शिवाय एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो.

बिस्कीट, खारी, टोस्ट, पाव. मैदा लाळेत मिसळून दातांच्या फटीत लगदा होऊन बसतो. "ग्लुकोज" नाव वाचून ताकद येईल असं वाटतं, पण ग्लुकोज म्हणजे साखरच.

खारट पाकिटं. गोड लागत नाहीत म्हणून निर्धोक वाटतात. पण मका आणि बटाट्याचा पिष्टमय चुरा दाढांना चिकटतो आणि त्यापासूनही आम्ल होतं. मीठ आणि तेल जास्त, ते वेगळंच.

खोकल्याची गोड औषधं. रात्री पाजून तसंच झोपवू नका. औषधानंतर थोडं पाणी पाजा, मोठ्या मुलाला चूळ भरायला सांगा.

रात्रीची दुधाची बाटली. झोपेत लाळ कमी होते. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात सगळ्यात आधी पांढुरके, मग तपकिरी होतात. अंगावरचं दूध मात्र वेगळं. ते बाळाला सहा महिने फक्त तेच आणि पुढे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, पूरक आहारासोबत द्यावं, हाच सल्ला कायम आहे. दात आले की ते दिवसातून दोनदा स्वच्छ करावेत, एवढंच.

रमजान, ईद आणि खुशीचे प्रसंग

रमजानमध्ये घरातल्या खाण्याच्या वेळा बदलतात. मोठ्यांचा रोजा असतो, लहान मुलं मात्र दिवसाही खातात आणि इफ्तारनंतरही. मगरिबपासून तरावीह संपेपर्यंत सरबत, भजी, फळं, मिठाई असं काही ना काही चालूच असतं. रात्री मुलं थकून तशीच झोपतात आणि सेहरीला पुन्हा गोड चहा. महिनाभर ब्रशची वेळ हरवते.

खजूर सोडायचं कारण नाही. त्यात तंतू आहेत, खनिजं आहेत. पण खजूर चिकट आणि खूप गोड असतो. इफ्तारला दोन-तीन खजूर खाऊन वर पाणी प्यावं. रात्रभर येता-जाता एकेक तोंडात टाकू नये. सरबत इफ्तारच्या वेळी एक पेला पुरे, त्यानंतर पाणी. सेहरी झाली की रोजा सुरू होण्याआधी ब्रश करायची सवय रोजा ठेवणाऱ्या मोठ्या मुलांना लावता येते.

ईदचा शीरखुर्मा हा आनंदाचा भाग आहे. तो भरपूर खा, पण जेवणाच्या वेळी खा. खरी अडचण ईदीची. खिशात पैसे आले की मुलं दिवसभर दुकानाच्या चकरा मारतात आणि हे तीन-चार दिवस चालतं. ईदीतले थोडे पैसे खाऊला, बाकीचे वही, चेंडू, पुस्तकाला, असं आधीच ठरवून टाकलेलं बरं.

मिस्वाक, ब्रश आणि पेस्ट

दात स्वच्छ ठेवण्याची शिकवण आपल्याकडे नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मिस्वाकवर किती भर दिला हे हदीसमधून सर्वांना माहीत आहे. मिस्वाक मुख्यतः पीलूच्या झाडाची असते. तिचे तंतू दातांवरचा थर घासून काढतात आणि तिच्यात जिवाणूंना रोखणारे घटकही आहेत. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनेही, जिथे मिस्वाकची रीत आहे तिथे ती चालू ठेवायला प्रोत्साहन दिलं. मिस्वाकचं टोक मऊ असावं, झिजलं की कापून नवं करावं आणि एकाची मिस्वाक दुसऱ्याने वापरू नये.

पण लहान मुलाच्या हातून मिस्वाक मागच्या दाढांपर्यंत, आतल्या बाजूला नीट पोचत नाही. शिवाय फ्लोराइड पेस्टमधून जेवढं मिळतं तेवढं तिच्यातून मिळत नाही. फ्लोराइड एनॅमलला आम्लापुढे टिकायला मदत करतं. म्हणून मुलांसाठी दोन्ही असू द्या : नमाजच्या वेळी मिस्वाक, सकाळी आणि रात्री ब्रश-पेस्ट.

पेस्ट किती घ्यायची? तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दिसते, तेवढी नको. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड १,००० पीपीएमपेक्षा जास्त नसतं. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये ते फारच कमी असतं किंवा नसतंच, म्हणून खोक्यावर वाचून घ्या. मुलाला पेस्ट गिळू देऊ नका, थुंकायला शिकवा. थुंकल्यावर खळखळून चुळा भरू नयेत, फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहू द्यावं. इशाची नमाज आणि जेवण सगळं आटोपल्यावर, झोपायच्या अगदी आधी ब्रश केला तर हे आपोआप जमतं. त्यानंतर फक्त पाणी.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला स्वतः नीट घासता येत नाही. त्याने घासल्यावर अम्मी-अब्बूंपैकी कुणीतरी पुन्हा एकदा फिरवून घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे.

वुजूमध्ये कुल्ली आहेच. मूल नमाज शिकायला लागलं की खाऊनंतरही तशीच कुल्ली करायला सांगा. तोंडात राहिलेले कण निघतात. मात्र दातांवरचा चिकट थर कुल्लीने जात नाही, त्यासाठी घासावंच लागतं.

राख, विटेची पूड, खरखरीत मंजन यांनी एनॅमल झिजतं. मशेरीत तर तंबाखू असतो. पेस्ट किंवा दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी भाजलेली मशेरी अजूनही काही घरांत लागते आणि मुली मोठ्यांचं बघून शिकतात. गोड सुपारीचंही तसंच. मुलांना ती खाऊ म्हणून देऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायही, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

शाळा, मकतब आणि गल्लीतलं दुकान

घरात नियम केला आणि शाळेच्या दारात पाकिटं टांगलेली असली तर मूल किती वेळ थांबेल? महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला मनाई केली. पुढे २०२० मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियम केला की जास्त साखर, मीठ किंवा तेल-तूप असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत. नियम कागदावर आहे. तो दारात आणायचा तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी तो विषय काढला पाहिजे. दुकानदार आपलाच शेजारी असतो. त्याच्याशी भांडण नको, फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवायला सांगा. मुलं घेतील ते तो ठेवेल.

मकतबमध्ये सबक पाठ झाला, कुराणचा एखादा पारा पूर्ण झाला की टॉफ्या वाटायची रीत आहे. मुलांचा हौसला वाढवायलाच हवा. टॉफीच्या जागी केळं, शेंगदाण्याची पुडी, पेन्सिल, खोडरबर दिलं तरी आनंद तोच. मौलवीसाहेबांनी मुलांना मिस्वाक आणि दातांबद्दल दोन शब्द सांगितले, तर ते घरच्यांच्या दहा वेळा सांगण्यापेक्षा जास्त लागू पडतात.

तपासणी कुठे आणि कशी?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा आपल्या हक्काचा पहिला दरवाजा. त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरमध्ये झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची यात मोफत तपासणी होते. डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. काही सापडलं तर पुढच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी मिळते आणि तिथला इलाज मोफत असतो. पथक कधी येणार हे अंगणवाडी ताई किंवा मुख्याध्यापकांना विचारा. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि चिठ्ठी मिळाली तर ती कपाटात पडू देऊ नका.

राज्य सरकारचं स्वच्छ मुख अभियानही आहे. ३० मे २०२३ रोजी सचिन तेंडुलकर यांना त्याचे सदिच्छादूत करण्यात आलं. दात घासणं, चूळ भरणं, चांगलं खाणं, तंबाखूपासून लांब राहणं आणि वर्षातून दोनदा दातांच्या डॉक्टरांकडे जाणं, हे त्यातले पाच मुद्दे.

दुखणं सुरू झालं असेल तर आधी सोयगावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. मोठ्या इलाजासाठी छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. लांब जायचंच आहे तर घरातल्या सगळ्या मुलांना एकाच फेरीत दाखवून घ्या.

महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा ओठ वर करून बघा. हिरडीजवळ दातावर खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर खाण्याच्या वेळा सुधारल्या, पेस्ट नियमित झाली आणि डॉक्टरांनी फ्लोराइडचा लेप लावला तर दात सावरू शकतो. खड्डा पडल्यावर तो आपोआप भरत नाही. पण खड्डा म्हणजे लगेच दात काढणं असंही नाही. सिमेंट भरता येतं. कायमच्या दाढेच्या खाचा आधीच बंद करून घेता येतात. काही मुलांत कीड थांबवणारं चांदीयुक्त फ्लोराइडचं औषध लावतात. त्याने किडलेला भाग काळा होतो, पण कीड थांबते आणि टोचावं-कोरावं लागत नाही. हे औषध २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

या लक्षणांत थांबू नका

गाल किंवा जबडा सुजला, ताप आला, डोळ्याखाली सूज चढली, तोंड उघडता येईना, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. दातातला पू पुढे पसरला तर जिवावर बेतू शकतं. तोवर दुखण्यासाठी मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. दातात तंबाखू, तपकीर, पेट्रोल भरू नका. बाहेरून गरम शेक देऊ नका. आधीच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

आजपासून घरात काय करता येईल?

खाऊच्या दोन वेळा ठरवा आणि त्या दादी-नानीसह सगळ्यांना सांगा. गोड जेवणाला जोडून द्या. रात्रीच्या दुधातली साखर दर आठवड्याला थोडी कमी करा, मुलाच्या लक्षातही येणार नाही. रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी. महिन्यातून एकदा ओठ वर करून बघा. आणि सहा वर्षांच्या मुलाची ती मागची नवी दाढ विसरू नका.

यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी घाट चढून जावं लागत नाही. उद्या सकाळच्या चहा-बिस्किटापासून सुरुवात करता येते.